पिल्लू घेण्याआधी त्याची आई बघा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कुत्रा घेणं, त्याची वीण आणि रोजची निगा या विषयांवर आलेल्या पत्रांतली काही पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. ज्यांच्या घरी कुत्रा आत्ता आजारी आहे त्यांनी अंकाची वाट न बघता आधी पशुवैद्याकडे जावं.

प्रश्न: ऑनलाइन जाहिरातीत लॅब्रॅडॉरचं ४५ दिवसांचं पिल्लू पाहिलं. विकणारा म्हणतो, घरपोच देतो, एक लस झाली आहे, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद हवे असतील तर सात हजार वेगळे. घ्यावं का? काय काय तपासायचं? (पुणे)

विकणाऱ्याच्या एवढ्याशा बोलण्यात चार गोष्टी खटकतात. एकेक घेऊ.

पहिली, ४५ दिवस. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केंद्र सरकारने २०१७ मध्ये लागू केले. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हे अकरा दिवस किरकोळ नाहीत. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी झोंबाझोंबी करत चावण्याचा जोर आवरायला शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. लवकर उचललेली पिल्लं पुढे घरातल्यांचे हात फोडतात ती बहुतेक वेळा याच कारणाने. शिवाय '४५ दिवस' हा आकडाही खरा असेलच असं नाही. तोंड उघडून दात बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात आलेले असतात. पुढचे बारीक दात आणि सुळे दिसतात पण मागे दाढांच्या जागी नुसत्या हिरड्या आहेत, असं असेल तर ते पिल्लू महिन्याच्या आसपासचं आहे.

दुसरी, घरपोच. सगळ्यात मोठा धोका इथे आहे. घरपोच म्हणजे पिल्लाची आई तुम्हाला दिसणार नाही. आम्ही प्रत्येकाला एकच सांगतो: पिल्लू जिथे जन्मलं तिथे जा आणि आईला पिल्लांसोबत बघा. नुसता फोटो किंवा व्हिडिओ कॉल चालणार नाही, आणि 'आई गावाला पाठवली आहे' हे उत्तरही नाही. पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीचे सड उतरलेले असतात, ती थोडी रोडावलेली असते, केस गळलेले असतात. एवढं साहजिक आहे. पण बरगड्या मोजता येतील इतकी खंगलेली, कोपरांवर घट्टे पडलेली, माणूस दिसताच कोपऱ्यात दबणारी किंवा पिल्लांजवळ जाऊच न देणारी आई असेल तर परत फिरा. बुजरेपणा काही अंशी रक्तातून येतो आणि काही अंशी पिल्लं आईकडे बघून शिकतात. जागेवर नजर फिरवा: पिंजऱ्याची जाळी पायांखालीही आहे का, पाणी स्वच्छ आहे का, एकाच ठिकाणी चार-पाच जातींची पिल्लं आहेत का? चार-पाच जाती एकत्र दिसल्या तर तो ब्रीडर नसून बहुधा दलाल आहे.

तिसरी, 'एक लस झाली'. कार्ड मागा. कार्डावर लसीच्या कुपीवरचं बॅच नंबरचं लेबल चिकटवलेलं हवं, तारीख हवी, पशुवैद्याची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. पेनाने लिहिलेली नुसती तारीख ग्राह्य धरू नका. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. दुकानातून आणून घरच्या घरी टोचलेल्या लसीचा भरवसा नसतो.

चौथी, कागदांचे वेगळे पैसे. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंद होते ती संपूर्ण विणीची, आई-बापाच्या नोंदणी क्रमांकांसह. एकाच विणीतलं एक पिल्लू 'कागदवालं' आणि दुसरं 'बिनकागदाचं' हा प्रकार संशयास्पद आहे. प्रमाणपत्रावरचा मायक्रोचिप क्रमांक आणि पिल्लाच्या खांद्यांमधल्या चिपचा १५ अंकी क्रमांक एकच आहे का, हे पशुवैद्याकडच्या स्कॅनरने पडताळून घ्या. कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही, हेही विसरू नका. तब्येतीसाठी वेगळे प्रश्न विचारा. आई-बापाच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे काढले आहेत का? डोळ्यांची तपासणी झाली आहे का? लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, आणि त्याची प्रतवारी करणारा एक्स-रे सर्वसाधारणपणे दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काढतात. नियमाप्रमाणे मादी १८ महिन्यांची झाली की वीण घेता येते. पण मोठ्या जातीत चांगला ब्रीडर दोन वर्षांपर्यंत थांबतो, ते या एक्स-रेसाठी. आपल्याकडे हे एक्स-रे काढणारे ब्रीडर थोडे आहेत. तरीही विचारा. गिऱ्हाईकच विचारणार नसेल तर कुणी काढायचे?

ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. तो क्रमांक पावतीवर लिहून घ्या. आई वर्षातून एकदाच व्याली पाहिजे, लागोपाठच्या दोन माजांत तिची वीण घ्यायची नाही आणि तिच्या आयुष्यात पाचापेक्षा जास्त विणी होता कामा नयेत, हेही नियमात आहे. 'ही तिची कितवी वीण? मागची कधी झाली?' असं सरळ विचारा. चांगला ब्रीडर नोंदवही उघडून दाखवतो आणि उलट तुम्हालाच विचारतो, घरी दिवसभर कोण असतं, घर भाड्याचं आहे का, आधी कुत्रा पाळला होता का. या चौकशीचा राग मानू नका, ती चांगली खूण आहे.

पिल्लाचं स्वतःचं अंग पाचेक मिनिटांत तपासून होतं. हिरड्या गुलाबी हव्यात. पांढरट असतील तर अंकुशकृमींनी (रक्त पिणाऱ्या जंतांनी) किंवा पिसवांनी रक्त शोषलेलं असू शकतं. अंग बारीक आणि पोट टम्म म्हणजे बहुतेक वेळा जंत. बेंबीपाशी मऊ गाठ आहे का, नर असेल तर दोन्ही वृषणं खाली उतरली आहेत का, कानात काळी कॉफीच्या चोथ्यासारखी घाण आहे का, शेपटीखाली जुलाबाचे डाग आहेत का, हे सगळं बघा. पिल्लू आजारी वाटलं तर 'दया आली म्हणून' विकत घेऊ नका. बोलायला कठीण आहे, पण तुम्ही मोजलेल्या पैशावर त्याच आईची पुढची वीण लादली जाते. तक्रार करा, आणि पिल्लू वाचवायचंच असेल तर प्राणीसंस्थेमार्फत वाचवा.

प्रश्न: आमच्याकडे तीन पिढ्यांपासून कारवानी कुत्री आहेत. सध्याचा नर फार वेगवान आहे. रक्त शुद्ध राहावं म्हणून त्याच्याच मुलीवर त्याला लावावं असं वडील म्हणतात. योग्य आहे का? (जत, जि. सांगली)

नाही. वडिलांचा हेतू आम्हाला पटतो, कारण सांगली-सोलापूरपासून मुधोळपर्यंतच्या पट्ट्यातल्या या कुत्र्यांचं मोल गावोगावच्या घरांनी जपलं आहे. टपाल खात्याने २००५ मध्ये चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ हाउंड, म्हणजे कारवानीचाच भाईबंद, होता. पण बाप-लेकीच्या विणीने रक्त शुद्ध होत नाही, ते अडकून बसतं.

कसं ते पाहा. प्रत्येक कुत्र्यात काही सदोष जनुकं दडलेली असतात. आईकडून आणि बापाकडून आलेल्या जोडीतलं एक चांगलं असेल तर दोष दिसत नाही. बाप आणि लेक यांच्या पिल्लात एखाद्या जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के असते. सख्ख्या भावा-बहिणीतही २५ टक्केच. सावत्र भावा-बहिणीत किंवा आजोबा-नातीत साडेबारा, सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सव्वासहा. पहिल्या विणीत कदाचित काहीच दिसणार नाही, म्हणून लोकांना वाटतं की चाललं. मग पिल्लांची संख्या घटते, मेलेली पिल्लं जन्मतात, नर फळवत नाही, कातडीचे आणि प्रतिकारशक्तीचे आजार वाढतात. तोवर मूळ रक्त उरलेलं नसतं. जवळच्या नात्यातली वीण नियमातही बसत नाही.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या गावचा, नात्यात नसलेला कारवानी नर आणणं. एक जाड वही घाला: कुत्र्याचं नाव, जन्मतारीख, आई-बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा, किती पिल्लं झाली, किती जगली, कोणती कुणाकडे गेली. शेजारच्या चार-पाच गावांतल्या पाळणाऱ्यांनी अशा वह्या ठेवून नरांची अदलाबदल केली तर सगळ्यांचंच रक्त मोकळं राहील. एकच गाजलेला नर सगळ्या गावांत फिरवू नका, तसं केलं तर दहा वर्षांनी सगळी कुत्री एकमेकांची भावंडं होऊन बसतील. बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं कुत्र्यांवरचं संशोधन आणि माहिती केंद्र आहे. तिथली पैदास बघून यायला जतहून फार लांब पडत नाही.

आणखी दोन गोष्टी. वेगासाठी ग्रेहाउंडचं रक्त घालून तो कुत्रा 'अस्सल कारवान' म्हणून विकायचा, ही फसवणूक थांबली पाहिजे. कुत्रा सोडून ससे धरणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हाच आहे. दुसरं म्हणजे या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते, त्यामुळे भुलीची काही औषधं त्यांच्या शरीरातून उतरायला वेळ लागतो. शस्त्रक्रियेची वेळ आली तर 'हा शिकारी हाउंड आहे' हे डॉक्टरांना आधी सांगा. आणि झोपायला गोणपाटाची जाड घडी द्या, नाहीतर कोपरं सोलवटतात.

प्रश्न: पिल्लू आणलं त्याच्या चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्वो निघाला, पिल्लू गेलं. लस तर झाली होती! घरात पुन्हा पिल्लू कधी आणता येईल? (नागपूर)

वाईट वाटलं. तुमच्याकडून काही चुकलं असं वाटत नाही. पार्वोचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात. पिल्लू चौथ्या दिवशी आजारी पडलं, म्हणजे बाधा विकणाऱ्याकडे किंवा प्रवासात झालेली असण्याचा संभव मोठा आहे. पशुवैद्याच्या चाचणीचा कागद जोडून विकणाऱ्याला लेखी कळवा, म्हणजे त्याच्याकडची बाकीची पिल्लं तरी वेगळी ठेवली जातील.

लस होऊनही असं का घडतं? पिल्लाला पहिल्या दुधातून, चिकातून, आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती रक्तात आहे तोवर लसीचा विषाणू ती मारून टाकते, म्हणजे लस फुकट जाते. ही शक्ती कुठल्या पिल्लात सहाव्या आठवड्यात ओसरते, तर कुठल्या पिल्लात पंधराव्यात. नेमकं कधी, हे बाहेरून कळत नाही. म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान पहिला डोस देऊन दर ३-४ आठवड्यांनी तो पुन्हा देतात, आणि शेवटचा डोस पिल्लू १६ आठवड्यांचं झाल्यावर पडला पाहिजे. 'एक लस झाली' म्हणजे पिल्लू सुरक्षित झालं, असा अर्थ कधीच काढू नका. आईचं लसीकरण वेळेवर झालेलं असेल तर चिकातून मिळणारं संरक्षण दमदार असतं. म्हणूनच आईचंही लसीचं कार्ड मागायचं.

आता घराचं. पार्वोचा विषाणू फिनाइलने किंवा नेहमीच्या साबणाने मरत नाही. आधी फरशी साबणाने घासून सगळी घाण काढा, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं ताजं द्रावण करून दहा मिनिटं ओलं राहील असं पसरा, नंतर धुऊन टाका. ब्लीच कधीही अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. बिछाना, दोरी, लाकडी वस्तू टाकून द्या. अंगणातल्या मातीत विषाणू कित्येक महिने तग धरतो, सावलीत त्याहून जास्त. नवीन कुत्रा आणायचा तर सगळे डोस पूर्ण झालेला, चार-पाच महिन्यांपुढचा आणा. लहान पिल्लूच हवं असेल तर निदान वर्षभर थांबा.

प्रश्न: आमची लॅब्रॅडॉर १४ महिन्यांची आहे, दुसऱ्यांदा माजावर आली आहे. तब्येतीसाठी एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत असं सगळे सांगतात. सोसायटीतले दोघे पिल्लं घ्यायला तयार आहेत. (कोल्हापूर)

पिल्लं झाल्याने कुत्रीच्या तब्येतीला कोणताही फायदा होत नाही. हा समज कुठून आला कोण जाणे, पण दरवर्षी नको असलेली हजारो पिल्लं याच समजापायी जन्मतात. १४ महिने हे वय नियमात तर बसत नाहीच, तिचं स्वतःचं हाडही अजून पूर्ण भरलेलं नाही.

समोर आहे तो माज आधी सांभाळा. तो साधारण तीन आठवडे चालतो. रक्तस्राव कमी होऊन रंग फिकट व्हायला लागला की धोका टळला असं लोकांना वाटतं, खरा धोका तिथूनच सुरू होतो. नवव्या ते पंधराव्या दिवसाच्या आसपास मादी नराला जवळ येऊ देते, पण काहींमध्ये हे दिवस पुढेमागे होतात. म्हणून पूर्ण २१ दिवस साखळीशिवाय बाहेर नेऊ नका आणि गच्चीवर एकटी सोडू नका. माज थांबवण्याचं इंजेक्शन घेऊ नका. त्या संप्रेरकांमुळे गर्भाशयात पू होण्याचा आणि सडांच्या गाठींचा धोका वाढतो.

गर्भाशयात पू होणं, म्हणजे पायोमेट्रा, हा नसबंदी न केलेल्या मादीला कुठल्याही माजानंतर होऊ शकतो, बहुतेक वेळा एक ते दोन महिन्यांनी. कुत्री अचानक फार पाणी पिऊ लागते, वारंवार लघवीला जाते, जेवण सोडते, कधी मागून घाण वासाचा स्राव येतो, कधी काहीच येत नाही आणि पोट फुगतं. स्राव न येणारा प्रकार जास्त घातक. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नसबंदी केली तर हा आजार टळतो, आणि लवकर केली तर सडांच्या कर्करोगाची शक्यताही बरीच घटते. आता माज सुरू आहे, गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला आहे, म्हणून शस्त्रक्रिया लगेच नको. अडीच-तीन महिन्यांनी करा. तोवर ती दीड वर्षाच्या जवळ पोचेल, मोठ्या जातीच्या सांध्यांसाठीही हे वय बरं.

आता 'दोघे तयार आहेत' याबद्दल. लॅब्रॅडॉरला सात-आठ पिल्लं सहज होतात. उरलेली सहा कुठे जाणार? आणि जे 'घेऊ' म्हणतात त्यांतले निम्मे पिल्लू प्रत्यक्ष समोर आल्यावर मागे हटतात. विणीत किती काम असतं ते ऐका. गाभण राहिल्यापासून सुमारे ६३ दिवस. ५५व्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजायची, म्हणजे सगळी बाहेर आली का ते कळतं. शेवटच्या आठवड्यात रोज दोनदा ताप मोजायचा: तो ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली आला की बहुधा २४ तासांत ती विते. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त खंड पडला किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव आला, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी सिझेरियनच्या तयारीने निघायचं. पहिल्या आठवड्यात पिल्लं स्वतःची ऊब राखू शकत नाहीत, पेटीत ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब ठेवावी लागते. रोज वजन करायचं, वाढलं नाही तर ते पिल्लू दुधाला पोचत नाही असं समजायचं. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात सगळ्यांना आणि आईलाही जंतांचं औषध द्यायचं.

आणि कॅल्शियम. गाभण कुत्रीला लोक प्रेमाने कॅल्शियमच्या गोळ्या चारतात. त्याने शरीराची हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची यंत्रणा सुस्तावते, आणि वीण झाल्यावर दुधाचा जोर वाढतो तेव्हा रक्तातलं कॅल्शियम झपकन घसरतं. कुत्री धापा टाकते, पाय ताठ होतात, थरथरते, झटके येतात. दोन-तीन तासांतही दगावू शकते. पिल्लं लगेच बाजूला करून शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं, तेही डॉक्टरांनीच.

एवढं करायला घरात पूर्णवेळ माणूस, पैसा आणि आठ खात्रीची घरं असतील, आई-बापाच्या तपासण्या झालेल्या असतील आणि कायदेशीर नोंदणी असेल तरच वीण घ्या. तुमच्या पत्रावरून यातलं काहीच दिसत नाही, म्हणून आमचं मत नसबंदीचं.

प्रश्न: फ्लॅटमध्ये पग चांगला की हस्की? (ठाणे)

दोन्ही नकोत. पगचं नाक चेपलेलं आहे, श्वासनलिका अरुंद. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि दमट हवेत पगला तेच जमत नाही. घोरणं हे 'गोड' नाही, ती श्वास अडल्याची खूण आहे. हस्कीची कातडी बर्फासाठी घडलेली, त्याला रोज तास-दोन तास पळायला लागतं, आणि उन्हाळ्यात त्याचे केस भादरल्याने गारवा मिळत नाही, उलट उन्हापासूनचं आवरण जातं.

ज्यांच्या घरी यांपैकी कुणी आधीच आहे त्यांच्यासाठी: मार्च ते जून फिरायला सकाळी सातच्या आत आणि रात्री. हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला त्यावर चालवू नका. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. उन्हात धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक झाल्या आणि ताप १०४च्या वर गेला तर तो उष्माघात. लगेच अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा, बर्फ नको. १०३पर्यंत उतरला की ओतणं थांबवून दवाखान्यात न्या. नंतर बरा दिसला तरी न्याच, मूत्रपिंडं दुसऱ्या दिवशी बंद पडू शकतात.

प्रश्न: पावसाळ्यात गोचिडी पाठ सोडत नाहीत. रोज वीस-पंचवीस काढतो, पुन्हा तितक्याच. रॉकेल लावावं का? (चिपळूण)

रॉकेल लावू नका, कातडी भाजते आणि चाटल्यावर पोटात जातं. तुम्ही रोज काढता तरी संपत नाहीत, कारण बहुतांश गोचिडी कुत्र्यावर नसतातच. भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटी, कुत्र्याच्या बिछान्याखालची फरशी इथे त्या असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भेगेत शिरते आणि हजारो अंडी घालते. प्रत्येक अवस्थेत ती कुत्र्यावर चढते, पिते, उतरते. म्हणून कुत्रा आणि घर, दोन्हीकडे एकाच वेळी उपाय हवा, आणि तो सलग तीन-चार महिने हवा.

कुत्र्यासाठी डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे तोंडावाटे द्यायची गोळी घ्या, काही महिनाभर चालतात, फ्लुरालॅनरची सुमारे १२ आठवडे. फेफरं येणाऱ्या कुत्र्याला या गटातली औषधं द्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा. गोठ्यासाठी आणलेलं जनावरांवर ओतायचं औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्याला लावू नका. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं काहीही नको, ते मांजराला विष आहे. भेगा सिमेंटने बुजवा, बिछाना आठवड्याला उकळत्या पाण्यात धुवा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, बोटांनी चिरडू नका.

आणि लक्ष ठेवा. कुत्रा मलूल आहे, ताप आहे, हिरड्या पांढुरक्या झाल्या, नाकातून रक्त आलं किंवा पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके दिसले तर गोचीडताप असू शकतो. रक्ततपासणीत प्लेटलेट घटलेल्या दिसतात. एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जंतू) निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चार आठवडे चालतं. पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून गोळ्या बंद करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

प्रश्न: तीन महिन्यांच्या जर्मन शेफर्डला दूध-चपाती देतो. पुढचे पाय वाकडे होतायत. कॅल्शियमचं सिरप चालू करू का? (छत्रपती संभाजीनगर)

आधी एक्स-रे, मग सिरपचा विचार. दूध-चपातीत प्रथिनं कमी पडतात, कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण बिघडतं आणि ड जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. कुत्र्याला ते उन्हातून माणसासारखं मिळत नाही. त्यातून मुडदूस होऊ शकतो. पण मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाद्य देऊन वर सिरप पाजणाऱ्यांच्या पिल्लांचेही पाय वाकडे होतात, तेव्हा कॅल्शियम जास्त झालेलं असतं. लहान पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही. दिसायला दोन्ही सारखंच, उपाय उलटे. सोपा मार्ग: मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य, पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे मोजून, दिवसातून तीन-चार वेळा विभागून, आणि वेगळं कॅल्शियम शून्य. सहा महिन्यांनंतर दोन वेळा. बरगड्या दिसू नयेत पण हाताला लागाव्यात. जाड पिल्लाच्या सांध्यांवर भार पडतो, म्हणून 'गुटगुटीत' करू नका. गुळगुळीत फरशीवर चटई टाका.

घरच्या ताटातलं काय टाळायचं तेही लिहून फ्रिजवर लावा: कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट, शिजवलेली हाडं, आणि शिऱ्यातले मनुके. मनुक्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, किती खाल्ल्याने हे कुत्र्यागणिक बदलतं. साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉलही घातक आहे. तापावर आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कधीही देऊ नका.

प्रश्न: रोज डेटॉलने अंघोळ घातली तर चालेल का? (नाशिक)

नाही. तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांच्या शांपूने. आपल्या साबणाने त्यांची कातडी कोरडी पडते, खाज सुटते, मग खाजवून जखमा. लॅब्रॅडॉर, कॉकर अशा लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान अंघोळीनंतर पुसून कोरडे करा, कानात कापसाच्या काड्या खुपसू नका.

प्रश्न: रस्त्यावरच्या कुत्रीने आमच्या अंगणात पिल्लं दिली. एक ठेवायचं आहे. गावठी पिल्लाला लसी लागतात का? (म्हापसा, गोवा)

लागतात, सगळ्याच. इतर कुत्र्यांना होतं ते सगळं त्यालाही होतं. तुमच्या बाबतीत एक गोष्ट मात्र छान जमून आली आहे, आई डोळ्यांसमोर आहे. आठ आठवडे पिल्लं तिच्याजवळच राहू द्या, तिला दिवसातून दोनदा भात-मासे किंवा अंडी-भात, मीठ-मसाला न घालता, आणि स्वच्छ पाणी द्या. दोन आठवड्यांपासून पिल्लांना जंतांचं औषध सुरू करा, सहाव्या-सातव्या आठवड्यापासून लसी. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाने पुन्हा, मग डॉक्टर सांगतील तशी. गोव्यात 'मिशन रेबीज'ची माणसं गावोगाव कुत्र्यांना लस टोचत फिरतात, आईला त्यांच्याकडून टोचून घ्या. पिल्लं दूध सुटून वेगळी झाली की आईची नसबंदी करून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

या काळात आई किंवा पिल्लू कुणाला चावलं, ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मागा. 'पिल्लूच तर आहे' म्हणून थांबू नका, दोन महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज होतो.